उठून गेलेल्या बाईचं पान

४ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात मोजून देत नाही. फोन का करत नाही म्हणून विचारू नकोस. फोनवर तू बोललीस की मला पत्र्यावर खडी पडल्यासारखं ऐकू येतं, आणि मी नुसतं "हो हो" करत कशाकशाला होकार देऊन बसते. कागद बरा. कागदाला परत विचारता येतं.

काम असं आहे. माझ्या गुडघ्याचा रिपोर्ट दवाखान्यात आता हातात देत नाहीत. खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजी, सगळं वेबसाइटवर आहे." मी म्हटलं, "ती माझ्या नातीनं केली आहे." ती म्हणाली, "पुढचे या." तुझी किंमत तिथं एवढी आहे, कळून राहू दे.

मग वाचनालयात गेले. तिथं तीन कॉम्प्युटर ठेवलेत, ज्याला लागेल त्यानं बसावं. वाचनालयाच्या बाईंनी पान काढून दिलं. एका बोटानं नंबर घातला, गुप्त शब्द घातला, आत गेले. रिपोर्ट आला. मी चौथी शिकलेली बाई, अक्षर अक्षर लावत वाचते. पहिलं पान संपवून दुसरं मागितलं तर म्हणे, 'तुमची वेळ संपली आहे, कृपया पुन्हा आत या'. आले. परत पहिल्यापासून. परत बाहेर. असं तीनदा झालं. मागं उभा असलेला माणूस खोकायला लागला, तेव्हा उठले. गुडघ्यात काय झालंय ते अजून अर्धंच ठाऊक आहे.

एकतीस वर्षं मी पोहण्याच्या तलावावर बायकांचे कपडे सांभाळले. कपडे खुंटीवर, बिल्ला हातात. बिल्ला आणला की कपडे परत. काही म्हाताऱ्या दोन दोन तास डुंबायच्या. मी कोणाचे कपडे रस्त्यावर नाही फेकले. तुमचं यंत्र फेकतं, आणि वर 'कृपया' म्हणतं.

तुला एप्रिलअखेर नोकरीत पक्की करणार होते, ते करतायत की नुसत्या बाता?

तुझी आजी

*

११ फेब्रुवारी

आजी,

नमस्कार. वाकूनच केला, शेजारच्या टेबलावरचे बघत होते.

तुझं पत्र मी साहेबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. 'वर कृपया म्हणतं' इथं ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाले, "बाई बरोबर बोलतायत. बघ काय करता येतं."

तुला कसं चालतं ते सांगते. तुझ्या तलावासारखंच आहे. आमचं यंत्र आंधळं आहे, तुझा चेहरा त्याला दिसत नाही. तू नंबर आणि गुप्त शब्द दिलास की ते एक लांबलचक आकडा तयार करतं आणि तू बसलेल्या कॉम्प्युटरच्या खिशात टाकतं. त्याला कुकी म्हणतात. तो तुझा बिल्ला. पुढं तू एक एक पान मागतेस तेव्हा कॉम्प्युटर दर वेळी बिल्ला दाखवतो, आणि आमचं यंत्र म्हणतं, हां, या त्याच बाई, द्या यांना पान. बिल्ल्याला मुदत असते. आमची होती दहा मिनिटं. दहा मिनिटांत तू काही मागितलं नाहीस की बिल्ला बाद. तू एका पानावर वीस मिनिटं बसलीस, त्यात तुझा काही दोष नाही.

मी ती मुदत तीस दिवस केली. तीस दिवस, आजी! आता रिपोर्ट वाचता वाचता तू झोपलीस तरी कोणी बाहेर काढणार नाही. या कंपनीत मी आपल्या डोक्यानं केलेली ही पहिली गोष्ट. करताना तुझं बोट डोळ्यांसमोर होतं, कळांवरून अक्षर शोधत फिरणारं.

पक्कं करायचं एप्रिलअखेर बघणार. साहेब आज हसले, म्हणजे वारा बरा आहे.

गुडघ्याचं पूर्ण वाच आणि मला कळव. पूर्ण.

तुझी
भिंगरी

*

६ मार्च

भिंगरे,

गुडघ्याचं वाचलं. झीज आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी झीज आहे हे सांगायला यंत्र कशाला लागतं? पण शेवटपर्यंत वाचलं, कोणी हाकललं नाही, 'बाहेर पडा' असं लिहिलेलं बटण दाबून शहाण्यासारखी बाहेर पडले. तेव्हा तुला शाबासकी दिली होती मनात. आता ती परत घेते.

आज रक्ताच्या तपासणीचं बघायला गेले. मधल्या खुर्चीवर बसले. वाचनालयाच्या बाईंनी दवाखान्याचं पान काढलं आणि त्या पुस्तकं लावायला गेल्या. मी पिशवीतून नंबराची चिठ्ठी काढतेय, तोवर पडद्यावर रिपोर्ट हजर. मी म्हटलं, वा, आता नंबरसुद्धा विचारत नाहीत, ओळखायला लागले. बसले वाचत.

माझं वाचणं कसं असतं ते तुला माहीत आहे. माझं लक्ष अक्षर लावण्यात असतं, अर्थ मागाहून चालत येतो. 'गाठ' लावलं. 'डाव्या छातीत' लावलं. 'संशयास्पद' लावायला तर मला चहा गार होईल एवढा वेळ लागला. 'ताबडतोब' सोपं होतं. सगळं लावून झाल्यावर वर पाहिलं तर वय छप्पन्न. मी छप्पन्न कधी होते? मग नाव वाचलं. माझं नव्हतं.

मी 'बाहेर पडा' दाबलं आणि घरी आले. रक्ताचं राहिलं.

कोणाचं होतं ते विचारू नकोस. वाचायला नको होतं, पण वाचून झाल्यावर कळलं, त्याला आता काय करू? डोळे धुऊन अक्षरं जात नाहीत. रिपोर्टवर तारीख सत्तावीस फेब्रुवारी होती.

हे असं कसं झालं ते मला सांग. आणि साधं सांग.

आजी

*

१२ मार्च

आजी,

आधी एकच विचारते आणि तू सरळ उत्तर दे. ती छप्पन्न वर्षांची दुसरी बाई म्हणजे तूच ना?

मला तुझी पद्धत माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी तू लिहिलं होतंस, 'शेजारीण न्हाणीघरात पडली, मनगट मोडलं, सांभाळून राहा.' मी आले तर प्लास्टर तुझ्या हाताला होतं. डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी 'कोणा एका बाईचं' ऑपरेशन झालं होतं. आता रक्त तपासायला कशाला गेली होतीस? गुडघ्याला रक्त कशाला लागतं?

खरं सांगायचं तर मी इथं बसून तुझा रिपोर्ट उघडू शकते. माझ्याकडे किल्ली आहे. काल संध्याकाळी सगळे गेल्यावर मी तुझा नंबर घातलासुद्धा. शेवटची कळ दाबायची राहिली होती. मग वाटलं, असं दाराआडून तुझं पाहायचं असेल तर मी आणि त्या मधल्या खुर्चीवरचा कोणीही, फरक काय? पुसून टाकलं. पण दोन रात्री झोप नाही. तू लिही. 'मी नाही' एवढं लिही, आणि ते खरं असू दे.

आणि तू नसशील तर दुसरं वाईट आहे, ते माझ्या डोक्यावर आहे. मी बिल्ल्याची मुदत तीस दिवस केली ना? ती बाई तुझ्या आधी त्याच खुर्चीवर बसली, वाचलं, 'बाहेर पडा' न दाबता उठून गेली. तिचा बिल्ला कॉम्प्युटरच्या खिशात तसाच. तू बसलीस, यंत्राला वाटलं तीच आहे. मी तुझा विचार केला, आजी, पण तू ज्या खुर्चीवर बसतेस तिचा केला नाही. त्या खुर्चीवर दिवसात वीस माणसं बसतात.

मी गुपचूप मुदत एक तास करून ठेवली आहे. साहेबांना अजून सांगितलेलं नाही. एप्रिलच्या तोंडावर कसं सांगू तेच कळत नाही.

लवकर लिही.

भिंगरी

*

१७ मार्च

भिंगरे,

मी नाही.

आता ऐक. मनगटाच्या वेळी खोटं बोलले, कारण तुझी परीक्षा होती. गाठीच्या बाबतीत मी खोटं बोलणार नाही. गाठ असती तर तू आठ दिवस रजा काढून इथं माझं डोकं खात बसली असतीस आणि मी ते सोसलं असतं. रक्त साखरेसाठी तपासलं. साखर नाही. माझ्या अंगात गोड काही नाही हे तुझे आजोबा जन्मभर सांगत होते, आता कागदावर आलं.

कळ दाबली नाहीस ते बरं केलंस. दाबली असतीस तर तुझ्याशी बोलले नसते.

ती बाई म्हणजे आपल्या खालच्या मजल्यावरची शिवणवाली.

हो, तीच. तिच्याशी माझं अकरा वर्षं बोलणं नाही. जिन्यातली खिडकी मला उघडी लागते, तिला बंद. तेवढ्यावरून. तुला हसू येत असेल, पण अकरा वर्षं रोज कोणीतरी खिडकी उघडतं आणि रोज कोणीतरी लावतं, हे सोपं काम नाही.

आता तिचं मशीन मला वरून ऐकू येतं. कानानं नाही, फरशीतून तळपायाला येतं. सकाळी सातला सुरू, संध्याकाळी सातला बंद. शाळेचे दोनशे गणवेश घेतलेत तिनं. रिपोर्ट सत्तावीस तारखेचा, आज सतरा. 'ताबडतोब' वाचून ती बाई एक दिवससुद्धा दवाखान्याकडं फिरकलेली नाही. दवाखान्यात माझ्या खिडकीखालच्या बसनं जावं लागतं, आणि मी खिडकी सोडलेली नाही.

म्हणजे मला सांगायला हवं. पण मी गेले की ती पहिलं विचारणार, तुला कसं कळलं? आणि मी सांगितलं की ती तक्रार करणार. ती गप्प बसणाऱ्यातली नाही, खिडकीबद्दल तिनं घरमालकाला चार अर्ज दिले होते. तक्रार येणार तुझ्या टेबलावर, ऐन एप्रिलमध्ये. म्हणून मी अकरा दिवस तोंड शिवून बसले आहे. मी तुझी नोकरी वाचवतेय आणि ती खाली गणवेश शिवतेय. हे बरोबर नाही, एवढं चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं.

सल्ला मागत नाही. तुझी तयारी आहे का ते विचारतेय.

आणि तुझ्या एका तासाबद्दल. एका तासात त्या खुर्चीवर तीन जण बसतात. तू नुसती मुदत लांबवतेस नि आखडतेस, जसं काही तेवढंच हातात आहे. माझ्याकडं एकदा काय झालं होतं ते सांगते. एक बाई बासष्ट नंबरचा बिल्ला बाकावर विसरली. दुसरीनं उचलला, माझ्या समोर धरला, मी कपडे दिले. बिल्ला बघितला, बाई बघितली नाही. पहिली ओल्या अंगानं तासभर रडत बसली. त्यानंतर मी माझी रीत बदलली. खुंटीवरचा टॉवेल हवा, साबण हवा, तर बिल्ला पुरे. पण आतल्या कपाटातलं, पर्स, अंगठी, असलं काही हवं असेल तर परत विचारायचं, "सांग बाई, आत काय काय आहे?" जिचं असेल तिला एका क्षणात सांगता येतं.

दुसरं असं की बिल्ला माझ्या हातात परत आला म्हणून काम संपलं नाही. खुंटी मोकळी करून माझ्या वहीत काट मारायची. नाहीतर कोणी घरी तसाच बिल्ला ठोकून आणला तर? आणला होता एकीनं, लोहाराकडून. तुमच्याकडं 'बाहेर पडा' दाबलं की कॉम्प्युटरच्या खिशातला बिल्ला जातो, हे कळलं. तुमच्या वहीत काट कोण मारतं?

आजी

*

२३ मार्च

आजी,

सांग तिला. हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी सांग.

पाकीट बंद करण्याआधी मी साहेबांकडे जाऊन आले आहे, म्हणजे मला मागं फिरता येऊ नये. ते जेवणाचा डबा उघडत होते. मी म्हटलं, "साहेब, एका बाईचा रिपोर्ट दुसऱ्या बाईनं वाचला. तीस दिवसांची मुदत मी घातली होती." त्यांनी डबा बंद केला. "कोणी तक्रार केली?" म्हणाले. मी म्हटलं, "अजून नाही. होणार आहे." "तुला कसं माहीत?" मी म्हटलं, "वाचणारी बाई माझी आजी आहे." त्यांनी डबा बाजूला सारला. मग म्हणाले, "कृपयावाली?" मी म्हटलं, "हो."

हसले नाहीत या वेळी. दारं लावून आम्ही सगळ्या नोंदी तपासल्या. एकाच कॉम्प्युटरवरून वेगवेगळ्या माणसांनी आत येण्याच्या एक्केचाळीस जागा निघाल्या. वाचनालयं, दुकानं, एक शाळा. दुपारी साहेबांनी आमच्या बाजूनं सगळे बिल्ले एकदम रद्द करायला लावले. आत असलेले सगळे बाहेर पडले. आता दवाखान्याला कळवायचं, दवाखाना लोकांना कळवणार.

आणि वहीत काट? आजी, वहीत काट कोणीच मारत नव्हतं! मी लिहिलेलं 'बाहेर पडा' खिशातला बिल्ला तेवढा पुसत होतं. आकडा कोणी उतरवून ठेवला असता तर आमचं यंत्र महिनाभर त्याला दार उघडत राहिलं असतं. दोन वर्षं शिकले, परीक्षा दिल्या, आणि हे मला लोहाराच्या गोष्टीतून कळावं!

आता असं केलं आहे. माणूस आत आला की दर वेळी नवाकोरा बिल्ला. आधीचा खिशात पडलेला कधी चालवून घ्यायचा नाही. बाहेर पडला की वहीत काट. मुदत पुन्हा दहा मिनिटं, पण संपायच्या आधी पान विचारतं, 'अजून वाचताय का?' 'हो' दाबलं की आणखी दहा. तू अक्षरं लावत बस, कितीही वेळ. आणि रिपोर्ट उघडताना गुप्त शब्द परत विचारायचा, तुझ्या आतल्या कपाटासारखा.

माझं काय ते एप्रिलअखेर कळेल. साहेब म्हणाले, "तू आपणहून आलीस हे मी लक्षात ठेवीन. दुसरंही लक्षात ठेवीन."

माझी काळजी करू नकोस. जिना सांभाळून उतर.

भिंगरी

*

२ एप्रिल

भिंगरे,

गेले. सविस्तर लिहिते, कारण शेवटी तुझं काम आहे.

तिच्या दारात उभी राहिले तर तिनं मशीन थांबवलंच नाही. सुईकडं बघत म्हणाली, "खिडकीबद्दल असेल तर वेळ नाही."

मी म्हटलं, "तू दवाखान्यात का जात नाहीस?"

मशीन थांबलं. तळपायाला कळलं मला.

"कोण म्हणतं मला दवाखान्यात जायचंय?"

"सत्तावीस तारखेचा रिपोर्ट म्हणतो. डाव्या बाजूला. ताबडतोब म्हणतो."

ती उठली. कात्री हातातच. मी म्हटलं, आता ही मला कापते की काय. म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?"

"मी वाचलं. वाचनालयात. तुझं पान तसंच राहिलं होतं."

"तुला वाचता येतं?"

"येतं. वेळ लागतो. वेळ लागला म्हणूनच सगळं वाचून झालं."

मग तिनं मला जे ऐकवलं ते लिहीत नाही, पोस्टातले लोक सभ्य आहेत. चोर म्हणाली, चोंबडी म्हणाली, आणखी काय काय. मी ऐकून घेतलं. अर्धं तर मला ऐकू येत नाही, हे तिला माहीत नव्हतं, नाहीतर एवढी मेहनत घेतली नसती. दम लागल्यावर बसली. मी सांगितलं, "ते पान माझ्या नातीनं केलंय. चूक तिची आहे. ती कबूल करते."

तेव्हा ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते. म्हणाली, "तिकडं कोपऱ्यात 'बाहेर पडा' लिहिलं होतं, मला माहीत आहे. मी वाचलं होतं ते आत जाताना. पण असलं काही वाचल्यावर माणूस बटण शोधतं का? मी उठले. पिशवी तिथंच, चष्मा तिथंच. रस्ता ओलांडून मधोमध आल्यावर कळलं की मी रस्त्यात आहे. तुझ्या नातीला सांग, तिचं बटण शहाण्या माणसासाठी आहे. मी त्या वेळी शहाणी नव्हते."

मी म्हटलं, "सांगते. आता दवाखान्यात कधी जातेस?"

"जूनमध्ये. गणवेश झाल्यावर. शाळेला शब्द दिलाय."

"किती राहिलेत?"

"नव्वद. बटणं आणि काजं तर सगळ्यांचीच राहिलीत."

"बटणं मी लावते."

"तुझे टाके मी पाहिलेत. तुझ्या उशीच्या अभ्र्यांकडं बघून मला रोज त्रास होतो."

"मग त्रास करून घे, पण गुरुवारी दवाखान्यात जा."

तिनं एक सदरा आणि बटणांचा डबा माझ्यापुढं सरकवला. मी पहिलं बटण लावलं, तिनं उसवलं. दुसरं लावलं, उसवलं. सहावं तसंच राहू दिलं. त्या दिवशी अकरा लावली. आता रोज दुपारी जाते. गुरुवारी ती पहिल्या बसनं गेली. मी खिडकीतून पाहिलं, चढेपर्यंत.

आता तुझं. ती तक्रार करणारच म्हणाली. मी म्हटलं, कर. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे. पण लिहायला लागली तर मी पान वाचलं त्याची तारीख चुकली, चार मार्च लिहिलं. मी म्हटलं, "सहा तारखेला मी बसले. नीट लिही. तारीख चुकली की हे लोक सगळंच खोटं म्हणतात." तिनं खोडून सहा केलं. खाली साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. तुझ्या आईनंसुद्धा तुला एवढ्या मनापासून अडचणीत टाकलं नसेल.

घाबरू नकोस. घाबरलीस तरी चालेल, पण काम नीट कर.

आजी

*

२४ एप्रिल

आजी,

तक्रार आली. दोन पानी, मोत्यासारखं अक्षर, खाली साक्षीदार म्हणून तुझी वाकडी सही. साहेबांनी ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि सहीवर बोट ठेवून म्हणाले, "ही तीच?" मी मान हलवली. ते म्हणाले, "तुझ्या घरातली माणसं तुला सोडत नाहीत बरं का." मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "मोठ्यानं वाच."

'मी त्या वेळी शहाणी नव्हते' हे वाक्य तिनं तक्रारीतही लिहिलंय. ते साहेबांनी मला दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

आजी, मी तीन आठवडे बिल्ल्यांचे नियम करत होते, आणि सगळे नियम अशा माणसासाठी होते जो नीट बसतो, नीट वाचतो, नीट उठतो. आमच्या पानावर माणसं काय वाचायला येतात, हेच मी धरलं नव्हतं. तिथं काहींना बरी बातमी मिळते आणि काहींना तशी. तशी मिळालेल्यानं काहीही करायला लागू नये. नुसतं उठून जावं, बाकी आम्ही बघावं.

म्हणून आता रिपोर्टचं पान दोन मिनिटं कोणी हात लावला नाही तर 'अजून वाचताय का?' विचारतं, आणि उत्तर आलं नाही तर आपणहून झाकलं जातं. खाली लपवून नाही ठेवत, काढूनच टाकतं. परत हवं तर गुप्त शब्द. कॉम्प्युटरची खिडकी कोणी बंद केली, तर आमच्याकडे लगेच वहीत काट. आणि दवाखान्याला आम्ही लिहिलं आहे की 'ताबडतोब' असलेला रिपोर्ट पानावर टाकण्याआधी माणसानं फोन करावा, माणसानं सांगावं. ते आमच्या हातात नाही, पण साहेबांनी स्वतः सही केली. दवाखान्याचं उत्तर आलं आहे, पुढच्या महिन्यापासून करतो म्हणाले.

नोकरी पक्की झाली नाही. तीन महिने आणखी बघणार. पण हे सगळे नियम मीच लिहायचे आणि इथं नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मीच शिकवायचे, असं साहेबांनी लेखी दिलं. काढून टाकायचं असतं तर एवढं लिहिलं नसतं, असं मी धरून चालले आहे. काल पोटभर झोपले.

तक्रारीला उत्तर मी माझ्या हातानं लिहिलं आहे, छापील नाही. त्यात चूक माझी होती एवढं सरळ लिहिलं, आणि त्यांच्या वाक्यावरून काय बदललं ते लिहिलं. आजी, त्यांचं कसं आहे? डॉक्टर काय म्हणाले?

भिंगरी

*

२० मे

भिंगरे,

पत्राला उशीर झाला, हातात सुई होती. दोनशे गणवेश झाले. शाळेत देऊन आले. शिपाई म्हणाला, "बटणं पक्की दिसतायत." शिवणवालीला सांगितलं नाही, मला हसली असती.

तिचं ऑपरेशन सहा मेला झालं. गाठ काढली. डॉक्टरीण बाई तरुण आहे, तुझ्याएवढी, पण बोलते स्पष्ट. म्हणाली, "जूनमध्ये आला असतात तर मी वेगळं बोलले असते." एवढंच म्हणाली, पुरे झालं.

तुझं उत्तर तिनं तिथं खाटेवर वाचलं. चष्मा लावून, मग काढून, मग परत लावून. म्हणाली, "चूक माझी, असं सरळ लिहिणारं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं. अकरा वर्षं खिडकीबद्दल वाट बघतेय." मी म्हटलं, "माझ्याकडं बघू नकोस, खिडकीत चूक तुझीच आहे." नर्सनं आम्हाला आवाज कमी करायला सांगितलं. माझा आवाज मला ऐकू येत नाही, त्यात माझा काय दोष?

काल गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट यायचा होता. या खेपेला दवाखान्यातून सकाळी फोन आला तिला. माणसाचा. तुझ्या चिठ्ठीनं झालं असेल तर झालं. त्यांनी सांगितलं, काठ स्वच्छ आहेत, गाठ पूर्ण निघाली, पुढं गोळ्या आणि तपासण्या. तरी ती म्हणाली, मला कागदावर बघायचंय. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला शिवलेलंसुद्धा खरं वाटत नाही.

गेलो वाचनालयात. तिचा डावा हात अजून वर होत नाही, म्हणून नंबर मी घातला. गुप्त शब्द आला तेव्हा मी उठून पुस्तकांकडं तोंड करून उभी राहिले. ती म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "घाल तू. मी बघत नाही." एका हातानं टकटक करत तिनं घातला. रिपोर्टसाठी यंत्रानं परत विचारला, परत घातला. मग बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, गेली उठून. मागं वळले तर ती बाजूच्या खुर्चीवर हात आपटत होती, बस म्हणून.

आम्ही दोघींनी वाचलं. ती भराभर वाचते, ओळीच्या शेवटी थांबून माझी वाट बघत होती. 'स्वच्छ' हा शब्द जोडाक्षराचा आहे, मला दोनदा लावावा लागला. मधेच पान विचारतं, अजून वाचताय का? तिनं 'हो' दाबलं.

वाचून झाल्यावर 'बाहेर पडा' तिनंच दाबलं. नीट बघून, बोट टेकवून.

मी म्हटलं, "तीन महिन्यांनी परत तपासायला बोलावलंय ना? येते मी."

"तुला कोणी बोलावलंय?" म्हणाली, आणि पिशवी घेऊन चालायला लागली. मी चपला घालून बाहेर आले तर दारात उभी होती, माझ्यासाठी दार धरून.

आजी